लिमये यांची 'निधोन' वाट : एक मूल्यमापन

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या धड्याची सुरुवात बहुधा १८२८ या सालाने होते. फ्रेडरिक व्होलर याने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला ही गोष्ट आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पाठोपाठ १८६५ आणि केकुलेचे बेंझीन-कडे येते. मग अभिक्रियांची नावे सुरू होतात : फ्रीडेल-क्राफ्ट्स, पेर्किन, क्लेझन, फ्रीस. धडा संपेपर्यंत विद्यार्थ्याच्या मनात न सांगताच एक गोष्ट ठसते. हे शास्त्र दुसरीकडे घडले आणि आपल्याकडे ते छापून आले, अशी ती समजूत असते.

आमच्या अकलूजला 'केमिस्ट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे औषधांचे दुकान चालवणारा आणि दुसरा म्हणजे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाची तपासणी करणारा. दोन्ही कामे जबाबदारीची आहेत. त्यांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु यांपैकी कोणीही नवा रेणू बांधत नाही. रसायनशास्त्रात नवे काही बांधता येते आणि ते बांधणारा माणूस आपल्या जवळपासचा असू शकतो, हे मुलांना कोणाच्या उदाहरणाने सांगावे? पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील प्रा. द. बा. लिमये यांचे उदाहरण आम्हाला यासाठी योग्य वाटते. ते केवळ नावापुरते घ्यावे की कामासाठी घ्यावे, याचा विचार या लेखात करायचा आहे.

आपल्याकडच्या वैज्ञानिकांवरील मराठी लेखनात दोन प्रकार फार आढळतात. पहिला आरतीचा. त्यात 'आद्य', 'थोर', 'ऋषितुल्य' ही विशेषणे असतात आणि माणसाने नेमके काय केले हे शेवटपर्यंत कळत नाही. दुसरा कैफियतीचा. त्यात 'परकीयांनी आपल्या माणसाची दखल घेतली नाही' एवढेच सांगितलेले असते. लिमये यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार निरुपयोगी आहेत. त्यांचे काम समजून घेतले तर विशेषणांची गरज उरत नाही, आणि जगाने त्यांची दखल घेतली नाही हे तर खरेच नाही.

प्रश्न कोणता होता?

रिसॉर्सिनॉल हा साधा पदार्थ आहे. बेंझीनच्या सहा कार्बनांच्या कड्यावर क्रमांक १ आणि क्रमांक ३ या जागी हायड्रॉक्सिल गट बसवले की रिसॉर्सिनॉल होते. उरलेल्या चार जागांपैकी एका जागी अ‍ॅसिटाइल गट बसवायचा आहे असे समजू. किती वेगवेगळे पदार्थ मिळू शकतील? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा. बहुतेक जण 'चार' म्हणतील. कागदावर कडे काढून ते उलटून पाहिले की जागा ४ आणि जागा ६ सारख्याच आहेत हे लक्षात येते. म्हणून उत्तर तीन.

प्रत्यक्ष प्रयोगात मात्र या तिघांना सारखी संधी मिळत नाही. रिसॉर्सिनॉलवर सरळ अ‍ॅसिटाइल गट चढवायला गेले तर तो मुख्यतः जागा ४ पकडतो. जागा २ ही दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधोमध आहे. पंगतीत दोन धिप्पाड पाहुण्यांच्या मधले पान रिकामे असले तरी उशिरा आलेला माणूस टोकाचे पान धरतो, तसाच हा प्रकार. मग जागा २ वर गट बसलेला पदार्थ, म्हणजे २-अ‍ॅसिटाइलरिसॉर्सिनॉल, हाती कसा यावा?

हा प्रश्न केवळ कोडे म्हणून कोणी घेतला नव्हता. वनस्पतींमध्ये सापडणाऱ्या अनेक संयुगांत रिसॉर्सिनॉलचा सांगाडा दडलेला असतो आणि त्यांपैकी काहींत नेमकी ही मधलीच जागा भरलेली असते. असे संयुग प्रयोगशाळेत बांधायचे तर मधल्या जागेपर्यंत जाण्याची वाट हवी. मुंबईत आर. सी. शाह आणि लायवाला हेही याच सुमारास या मधल्या जागेच्या मागे होते. त्यांचा लेख १९३८ साली लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. म्हणजे प्रश्न महत्त्वाचा आहे, हे त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या रसायनशास्त्रज्ञांना पुरते ठाऊक होते.

तीन पायऱ्या

लिमये यांनी १९३२ आणि १९३४ साली 'बेरिख्ते' या जर्मन नियतकालिकात जी वाट मांडली तिला त्यांनी 'निधोन' हे नाव दिले. ती अशी आहे.

पहिल्या पायरीत रिसॉर्सिनॉल आणि एथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट यांचा संयोग संहत सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने घडवून आणायचा. ही १८८३ सालापासून माहीत असलेली पेखमान अभिक्रिया. हिच्यात रिसॉर्सिनॉलच्या एका हायड्रॉक्सिलला आणि त्याच्या शेजारच्या बाहेरच्या जागेला धरून आणखी एक कडे तयार होते. मिळणारा पदार्थ म्हणजे ७-हायड्रॉक्सी-४-मिथिलकूमरिन. याचे अल्कलीतील द्रावण अतिनील प्रकाशात सुंदर निळे चमकते.

दुसऱ्या पायरीत मोकळ्या राहिलेल्या हायड्रॉक्सिलवर अ‍ॅसिटाइल गट बसवायचा आणि मग निर्जल अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइडबरोबर तापवायचे. ही १९०८ सालची फ्रीस पुनर्रचना. हिच्यात ऑक्सिजनवर बसलेला अ‍ॅसिटाइल गट तिथून उठतो आणि कड्याच्या कार्बनवर जाऊन बसतो. कुठल्या कार्बनवर? कूमरिनमधील जागा ८ वर. कूमरिनची जागा ८ म्हणजेच मूळ रिसॉर्सिनॉलमधील जागा २.

तिसऱ्या पायरीत तो पदार्थ अल्कलीबरोबर उकळायचा. पहिल्या पायरीत बांधलेले जादा कडे उघडते, तुटून निघून जाते आणि हाती २-अ‍ॅसिटाइलरिसॉर्सिनॉल राहते. ते सुमारे १५५ अंश सेल्सियसला वितळते; त्याचा ४-स्थानीय भाऊ सुमारे १४५ अंशांना. अ‍ॅसिटाइलऐवजी दुसरा अ‍ॅसाइल गट घेतला तरी वाट तीच राहते. म्हणून ही एका पदार्थाची कृती न राहता एका कुटुंबाची कृती झाली.

इथे एक शंका हुशार विद्यार्थी नक्की काढेल. कूमरिनच्या कड्याने बाहेरची एक जागा अडवली हे ठीक. पण मोकळ्या हायड्रॉक्सिलच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा अजून रिकामी आहेच. मग गट मधल्याच जागी का जातो? शंका अगदी बरोबर आहे. 'एक जागा अडवली' एवढ्यावर उत्तर भागत नाही. कूमरिनचे कडे जोडले गेल्यामुळे बेंझीनच्या कड्यातील द्विबंधांची मांडणी एका बाजूला झुकते. जागा ७ आणि जागा ८ यांमधील बंधाला द्विबंधाचा गुण जास्त येतो आणि स्थलांतर त्या बाजूला अधिक होते. थोडा भाग दुसऱ्या बाजूलाही जातो. तो वेगळा करावा लागतो. म्हणजे या जादा कड्याचे काम केवळ पहारेकऱ्याचे नाही. ते पंगतीची मांडणीच बदलते.

विटा आणि घर

आता मूल्यमापनाचा खरा मुद्दा. या तिन्ही पायऱ्यांत नवी अभिक्रिया कोणती? एकही नाही. पहिली पेखमानची, दुसरी फ्रीसची आणि तिसरी अल्कलीने लॅक्टोन तोडण्याची. मग लिमये यांचे श्रेय काय?

आमच्या मते श्रेय आहे ते रचनेचे. नको असलेले कडे मुद्दाम बांधायचे, त्याच्या आधाराने हवा तो गट हव्या त्या जागी न्यायचा आणि काम झाल्यावर ते कडे मोडून टाकायचे. कमान बांधताना गवंडी आधी लाकडाचा सांगाडा उभा करतो आणि कमान पक्की झाल्यावर तो काढून घेतो, तशी ही युक्ती आहे. तात्पुरता गट बसवून रेणूला वळण लावणे ही कल्पना पुढे संश्लेषणाच्या शास्त्रात फार महत्त्वाची ठरली. आज पदव्युत्तर वर्गात ती स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवतात. लिमये यांनी ती एकट्यानेच शोधली असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी ती एका अवघड प्रश्नाला नेमकी लावून दाखवली आणि तीही १९३२ साली, पुण्यात.

दोषही सांगायला हवेत. या वाटेत एथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटचा रेणू अंतिम पदार्थात शिल्लक राहत नाही. ११० भार असलेल्या रिसॉर्सिनॉलपासून १५२ भार असलेला पदार्थ बनवण्यासाठी १३० भाराचा दुसरा रेणू आणायचा आणि टाकून द्यायचा, असा हा हिशेब आहे. अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइडही भरपूर लागते आणि त्याचा चिखल मागे उरतो. १९९१ साली बॅरी ट्रॉस्ट यांनी अभिक्रियेत किती अणू कामी येतात हे मोजण्याचा आग्रह धरला. त्या मोजपट्टीवर निधोन वाट उधळी ठरते. परंतु ज्या काळी सरळ वाट हाताशी नव्हती, त्या काळी वळसा घेऊन का होईना पण खात्रीने पोहोचणे याला मोल होते. उधळेपणा हा दोष खरा आणि पोहोचणे हा गुणही खरा. विद्यार्थ्यांना दोन्ही सांगावेत.

करंज आणि करंजीन

आता त्यांच्या कामाच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. हे अंग आपल्या परिसराशी अधिक जवळचे आहे. नीरेच्या काठाने आणि ओढ्यांच्या कडेने करंजाची झाडे आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्याच्या बियांचे कडू तेल दिव्याला आणि त्वचेच्या विकारांवर वापरत आणि पेंड शेताला घालत. या तेलात करंजीन नावाचे स्फटिकरूप संयुग असते. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात.

लिमये यांनी करंजीनवरील आपले काम १९२५ साली इंडियन सायन्स काँग्रेसपुढे मांडले होते. त्यावरील सविस्तर लेख १९३६ साली आला. या दोन सालांमधील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. आज रेणूची रचना ठरवायला यंत्रे आहेत. त्या काळी दोनच मार्ग होते : तोडून पाहणे आणि बांधून पाहणे. करंजीन अल्कलीने तोडले की बेंझोइक आम्ल आणि करंजिक आम्ल असे तुकडे मिळतात. करंजिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की करंजॉल उरते. या करंजॉलकडे नीट पाहिले तर त्यात रिसॉर्सिनॉल दिसते आणि त्याच्या मधल्या जागेवरून, म्हणजे जागा २ वरून, फ्युरानचे कडे निघालेले असते.

करंजाच्या बीमध्ये निसर्गाने जी जागा भरली, त्याच जागेपर्यंत पोहोचण्याची वाट म्हणजे निधोन. तेलातील एका स्फटिकाचा पाठपुरावा आणि प्रयोगशाळेतील एक कोरडा वाटणारा प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात. लिमये यांची कामे सुटी सुटी वाचली तर हा धागा दिसत नाही. एकत्र वाचली तर ती एकाच माणसाची दीर्घ चिकाटी वाटते.

'रसायनम्'चा निर्णय

करंजीनवरचा तो लेख १९३६ साली छापून आला तो 'रसायनम्'च्या पहिल्या खंडात, पहिल्या पानावर. 'रसायनम्' हे लिमये यांनी पुण्यातून सुरू केलेले संशोधनाचे नियतकालिक. हा निर्णय धाडसाचा होता. तो योग्य होता का?

आपल्याकडे संशोधन छापायला जागा नव्हती म्हणून त्यांनी हे केले, असे म्हणता येणार नाही. इंडियन केमिकल सोसायटी कलकत्त्यात १९२४ साली स्थापन झाली होती आणि तिचे नियतकालिक चालू होते. बंगळूरचे 'करंट सायन्स' १९३२ पासून निघत होते. स्वतः लिमये यांचे लेख जर्मनीत छापले गेले होते. तरीही त्यांना घरचे व्यासपीठ हवे होते. त्याचा एक फायदा उघड दिसतो. लिमये-गांगल, लिमये-मुंजे, लिमये-केळकर अशी जोडनावे पुढच्या संशोधकांच्या लेखांत पुन्हा पुन्हा भेटतात. आपल्या हाताखालच्या तरुणांचे काम त्यांच्या नावासह छापून यावे, ही सोय 'रसायनम्'ने केली.

किंमतही मोजावी लागली. १९४१ सालच्या लेखांवरही 'खंड पहिला' असेच दिसते. पाने सव्वादोनशेच्या आसपास पोहोचलेली. पाच वर्षांत एवढी पाने म्हणजे नियतकालिक किती संथ चालत असेल याची कल्पना येते. जे नियतकालिक एका प्रयोगशाळेच्या बळावर चालते, ते त्या प्रयोगशाळेच्या पलीकडच्या वाचकाच्या हाती सहज पडत नाही. लेख शोधणाऱ्याला त्याचा सारांश सापडतो, मूळ अंक सापडत नाही. स्वावलंबनाचा अभिमान रास्त होता. परंतु संशोधन हे शेवटी दुसऱ्याने वाचावे, तपासावे आणि पुढे न्यावे यासाठी असते. आमचे मत असे की, निधोन वाट 'बेरिख्ते'त छापली गेली हे तिचे भाग्य. ती फक्त 'रसायनम्'मध्ये आली असती तर कदाचित इतकी लवकर वापरात आली नसती.

नाव का राहिले नाही?

ती वापरात किती लवकर आली? 'ऑर्गॅनिक सिंथेसेस' ही अमेरिकन मालिका रसायनशास्त्रज्ञांना चांगली परिचित आहे. तिच्यात छापली जाणारी प्रत्येक कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध होत नाही. या मालिकेच्या १९४१ सालच्या खंडात रसेल आणि फ्राय यांनी २-अ‍ॅसिटाइलरिसॉर्सिनॉलची कृती दिली. तिचा पाया म्हणजे लिमये यांचीच वाट : कूमरिन, फ्रीस, अल्कली. पहिल्या लेखापासून नऊ वर्षांत, महायुद्ध चालू असताना, पुण्याची युक्ती जगाच्या पाककृतींच्या वहीत गेली. पुढे या पदार्थाचे महत्त्व वाढतच गेले. दम्यावरील सोडियम क्रोमोग्लायकेट या औषधाच्या संश्लेषणाची सुरुवात याच पदार्थापासून होते. तेव्हा 'जगाने उपेक्षा केली' ही कैफियत टिकत नाही.

तुलनेसाठी कृष्णस्वामी वेंकटरामन यांचे उदाहरण घेऊ. त्यांनी महल यांच्यासह १९३४ साली केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात जी पुनर्रचना मांडली ती आज 'बेकर-वेंकटरामन' या नावाने जगभर शिकवली जाते. तिथेही अ‍ॅसाइल गट ऑक्सिजनवरून उठून कार्बनवर जातो. फक्त कड्याच्या कार्बनवर न जाता कड्याला जोडलेल्या साखळीतील कार्बनवर जातो. वेंकटरामन पुढे मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यामागे मोठ्या संस्था आणि विद्यार्थ्यांची मोठी परंपरा उभी राहिली. त्यांची अभिक्रिया एकाच पायरीची, सुटसुटीत. तिला नाव चिकटणे सोपे. लिमये यांची वाट तीन पायऱ्यांची आणि तिचे नाव त्यांनीच ठेवलेले, 'निधोन'. त्या नावात माणूस दिसत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकांना विटांची नावे ठेवायची सवय आहे, घरांची नाही.

एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. अमेरिकेतील वाचकाने १९४१ साली जे वापरले ते मराठी वर्गात किती पोहोचले? रानडे इन्स्टिट्यूट म्हटले की आपल्याला वृत्तपत्रविद्या आणि परकीय भाषांचे वर्ग आठवतात. न्यायमूर्ती रानडे यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत उद्योग आणि अर्थशास्त्राबरोबर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, हे किती जणांना सांगता येईल? विसरले असतील तर ते आपण, जग नव्हे.

वर्गात काय करता येईल?

लिमये यांचे छायाचित्र भिंतीवर लावून हा प्रश्न सुटणार नाही. त्यांची कल्पना शिकवली तर सुटेल. नववी-दहावीच्या वर्गात सहा जागांचे कडे फळ्यावर काढून 'किती पदार्थ?' हा खेळ घेता येतो. त्यासाठी एकाही रसायनाची गरज नाही. अकरावी-बारावीला, दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधली जागा भरण्याची युक्ती आधी विद्यार्थ्यांनाच सुचवायला सांगावी आणि मग निधोन दाखवावी. स्वतः अडखळल्याशिवाय युक्तीची किंमत कळत नाही. महाविद्यालयात पेखमान अभिक्रिया होते. परंतु तिच्यात संहत सल्फ्युरिक आम्ल लागते, म्हणून ती शाळेत करू नये. अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइडची पायरी तर प्रशिक्षित माणसाने, धूर खेचणाऱ्या कपाटातच करायची आहे.

साखर कारखान्याच्या गावातील मुलांना आणखी एक दुवा दाखवता येतो. मळीपासून मद्यार्क होतो, मद्यार्कापासून अ‍ॅसिटिक आम्ल, दोघांपासून एथिल अ‍ॅसिटेट आणि त्यापासून एथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट. निधोनच्या पहिल्या पायरीत जो रेणू लागतो तोच हा. म्हणजे यशवंतनगरच्या कारखान्याच्या मळीपासून लिमये यांच्या चंचुपात्रापर्यंतची साखळी फळ्यावर चार बाणांत काढता येते. दुसऱ्या टोकाला करंजाची बी ठेवावी.

अशा रीतीने शिकवले तर 'आद्य' हे विशेषण लावायची गरज पडणार नाही. विद्यार्थ्याला एवढे कळेल की पुण्यात एका माणसाने ओळखीच्याच तीन अभिक्रिया घेऊन नवीन वाट काढली, ती इतरांनी तपासून वापरली आणि तिच्यात दोषही होते. रसायनशास्त्र कसे घडते हे कळायला तेवढे पुरेसे आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत उद्या रसाची तपासणी करणारा विद्यार्थीही मग तपासणीच्या पलीकडचा एखादा प्रश्न विचारू लागेल.